दवाखान्याला वस्तीची बोली शिकवायची आहे



फुलंब्री तालुक्यातल्या आशाताई, नर्सताई, दवाखान्यातले मावशी-मामा आणि वस्त्यांमधल्या काही जाणत्या बायका यांना एकत्र घेऊन मोबाईलवरून एक प्रशिक्षण घ्यायचं आम्ही ठरवलं आहे. विषय एका ओळीत सांगायचा तर पेशंटचं बोलणं दवाखान्याला कळावं आणि दवाखान्याचं बोलणं पेशंटला. मोठ्या शहरांतल्या चर्चासत्रांत याला ‘सांस्कृतिकदृष्ट्या सक्षम आरोग्यसेवा’ म्हणतात. एवढं जड नाव आम्हाला परवडत नाही. आम्ही आपसात त्याला ‘बोलीचा वर्ग’ म्हणतो.

ठरवणाऱ्या आम्ही चार-पाच जणी. कुणी वॉर्डात वर्षानुवर्षं रात्रपाळ्या केलेल्या, कुणी उपकेंद्रावर, कुणी अजून आशा म्हणून दारोदार फिरणाऱ्या. तयारी कुठवर आली हे या पानावर मांडतो आहोत, कारण हा वर्ग तुमच्या शब्दांशिवाय भरणार नाही.

कुणी म्हणेल, इथे भाषेची अडचण कसली? डॉक्टर मराठी, पेशंट मराठी. पण एक बाई ओपीडीत येते आणि म्हणते, ‘अंगावरून जातंय.’ काय जातंय? लाल का पांढरं? बाई गरोदर असेल तर पाणी तर जात नाही ना? तिन्हीचे अर्थ वेगळे आहेत. गरोदरपणी लाल जात असेल तर एक मिनिटही घालवायचं नसतं, नऊ महिने भरायच्या आत पाणी गेलं तर तेही तातडीचं, आणि पांढऱ्याचं कारण बहुतेक वेळा साध्या तपासणीत कळतं. बाई मात्र भर गर्दीत, पुरुष डॉक्टरपुढे, रंगाचं नाव घेणार नाही. समोरच्याने रंग विचारायला शिकलं पाहिजे, आणि तोही हळू आवाजात, आडोशाला.

‘उन्हाळी लागली’ म्हणजे लघवीला आग होते, थेंब थेंब होते. शहरातून नव्याने आलेल्या डॉक्टरला वाटतं ऊन लागलं, आणि तो साखर-मिठाचं पाणी प्यायला सांगतो. पाणी पिणं वाईट नाही, पण जंतूंचा संसर्ग असेल तर गोळी लागते आणि गरोदर बाईला तर लवकर लागते. ‘अंग बाहेर येतं’ म्हणजे गर्भपिशवी खाली सरकली आहे. हे सांगायला बायका दहा-दहा वर्षं लावतात आणि सांगतात तेव्हा ‘कंबर दुखते’ असं सांगतात. ‘जीव घाबरा होतो’ हे तर सगळ्यात अवघड. साखर उतरली तरी जीव घाबरा होतो, रक्त कमी असलं तरी होतो, मनाला धक्का बसला तरी होतो आणि हृदयाचा झटका येत असला तरी होतो. चाळिशी-पन्नाशीच्या बाईने ‘पित्त झालंय, जीव घाबरा होतोय, घाम सुटलाय’ असं म्हटलं, तर पित्ताची गोळी देऊन घरी पाठवण्याआधी ईसीजी काढायला हवा. बायकांच्या झटक्यात छातीत कळ येईलच असं नसतं. घरच्यांनीही अशा वेळी सोडा-लिंबू करत बसू नये, १०८ ला फोन लावावा.

हे झालं आपल्याकडून तिकडे जाणारं बोलणं. तिकडून इकडे येणाऱ्याची गत याहून वाईट आहे. दवाखान्याची मराठी ही एक वेगळीच भाषा आहे. भिंतीवर लिहिलेलं असतं ‘स्तनदा माता’. आमच्या उभ्या आयुष्यात कुणी बाई ‘मी स्तनदा माता आहे’ असं म्हणाली नाही. ती म्हणते, ‘लेकरू अंगावर पितंय.’ ‘संदर्भसेवा’ म्हणजे पुढच्या दवाखान्यात पाठवणं, हे किती घरांना माहीत आहे? टीबीच्या तपासणीला ‘थुंकी आणा’ म्हटलं की माणूस तोंडातली लाळ डबीत थुंकून देतो. त्यात जंतू सापडत नाहीत, रिपोर्ट ‘निगेटिव्ह’ येतो, आणि आजारी माणूस घरातल्या सगळ्यांमध्ये खोकत फिरतो. त्याला सांगायला हवं होतं, सकाळी उठल्यावर चूळ भरा, खोल श्वास घ्या, छातीतून खोकून बेडका काढा, तो द्या. ‘बेडका’ हा शब्द सुशिक्षित माणसाला घाण वाटतो म्हणून वापरत नाहीत. या एका शब्दाच्या लाजेपायी किती तपासण्या वाया जातात!

तेच ‘पॉझिटिव्ह’चं. टीव्हीवर सांगतात पॉझिटिव्ह विचार करा. मग रिपोर्ट पॉझिटिव्ह आला म्हणजे चांगलंच झालं, असं समजून आनंदाने घरी गेलेला माणूस आम्ही पाहिला आहे. तेच ‘बीपी नॉर्मल आहे’चं. गोळी चालू आहे म्हणून नॉर्मल आहे, हे वाक्याचं दुसरं अर्धं कुणी बोलत नाही. माणूस घरी येऊन गोळी बंद करतो. पुढे अर्धांगवायू झाला की सगळे म्हणतात, ‘ऐकतच नाहीत हे लोक.’ ओआरएसचं पाकीट घ्या. अख्खं पाकीट एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात एकदम टाकायचं असतं. आपल्या घरांत चिमूट चिमूट पेल्यात टाकतात, कारण देणाऱ्याने ‘थोडं थोडं पाजा’ एवढंच सांगितलेलं असतं. थोडं थोडं पाजायचं हे खरं, पण कालवायचं एकदम.

आणि मराठी ही इथली एकच भाषा आहे असंही नाही. फुलंब्रीच्या आसपासच्या गावांत मुसलमान घरांत दखनी बोलतात, तांड्यांवर गोरमाटी, सिल्लोड-सोयगावकडच्या भिल्ल वस्त्यांत भिल्ली. शेंद्रा-वाळूजच्या कारखान्यांत बिहार-उत्तर प्रदेशातून आलेली कुटुंबं आहेत. २०११ च्या जनगणनेत लमाणी-लंबाडी बोलणाऱ्या ३२ लाखांहून अधिक लोकांची भाषा हिंदीच्या खात्यात मोजली गेली. खात्यात हिंदी लिहिली म्हणून तांड्यावरच्या म्हातारीला हिंदी येते असं नाही. ती ‘याडी’ म्हणून हाक मारणारी लेक सोबत नसेल तर वॉर्डात मुकी होऊन बसते. खरोखर ऐकू-बोलू न येणाऱ्यांबद्दल तर विचारायलाच नको. दिव्यांग हक्कांचा २०१६ चा कायदा आहे, पण खुणांची भाषा जाणणारं माणूस आम्हाला कुठल्या ओपीडीत भेटलं नाही.

मग बोलणं पोचवतं कोण?

बहुतेक वेळा झाडू मारणारी मावशी. स्ट्रेचर ओढणारे मामा. डॉक्टर हाक मारतो, ‘मावशी, काय म्हणते बघा ही.’ मावशी हातातला पोछा ठेवते, येते, ऐकते, सांगते, पुन्हा पोछा उचलते. या मावशी-मामांपैकी किती जण आपल्याच वस्त्यांतले आहेत हे वाचकांना वेगळं सांगायला नको. दुभाष्याचं काम ते करतात. त्याचा पगार नाही, नोंद नाही, प्रशिक्षण नाही, आणि चूक झाली तर बोलणी मात्र त्यांना. आम्हाला विचाराल तर या वर्गात पहिली खुर्ची त्यांची.

मावशी नसली तर पेशंटबरोबरचं लेकरू. चौथी-पाचवीतली पोरगी आईच्या अंगावरून काय जातं ते डॉक्टरला सांगते. सांगत नाही खरं तर, गिळते. नाहीतर सासू बोलते. सून नुसती उभी. सुनेला मारहाण झाली असेल, पोट पाडायला दबाव येत असेल, तर ते सासूच्या तोंडून बाहेर पडणार आहे का? नातेवाइकाला दुभाष्या करू नये, निदान पेशंटशी दोन मिनिटं एकटं बोलल्याशिवाय तरी करू नये, हा नियम आम्ही पहिल्याच दिवशी सांगणार आहोत.

चुकीच्या अर्थाची किंमत केवढी असते याचं एक उदाहरण जगभरच्या नर्सिंगच्या वर्गांत सांगतात. १९८० साली अमेरिकेत फ्लोरिडा राज्यात एका १८ वर्षांच्या मुलाला बेशुद्ध अवस्थेत आणलं. घरच्यांनी स्पॅनिशमध्ये सांगितलं, याला ‘इंतोक्सिकादो’ झालंय. म्हणजे काहीतरी बाधलं आहे. डॉक्टरांनी इंग्रजी ऐकलं, याने नशा केली आहे. त्यावर उपचार सुरू झाले. डोक्यात रक्तस्राव होत होता, तो दोन दिवस कुणी पाहिलाच नाही. पोरगा हातापायांनी कायमचा अधू झाला. नुकसानभरपाई सुमारे ७ कोटी १० लाख डॉलरची ठरली. एका शब्दापायी.

आपल्याकडे एवढी भरपाई कुणी देत नाही. आपल्याकडे काय होतं ते बीड जिल्ह्यात दिसलं. ऊसतोड बायकांच्या गर्भपिशव्या मोठ्या संख्येने काढल्या गेल्याचा प्रश्न उठला तेव्हा नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. २०१९ च्या त्या पाहणीत ८२,३०९ बायकांपैकी १३,८६१ जणींची पिशवी काढलेली आढळली. त्यामागे उचल, खाडा, मुकादम, पाळीच्या दिवसांतही मोळ्या उचलायची सक्ती हे सगळं आहे. नुसती भाषा हे कारण नाही. पण शस्त्रक्रियेच्या खोलीपर्यंत नेणारी वाक्यं ऐका. ‘पिशवी खराब झाली.’ ‘ठेवली तर कॅन्सर होईल.’ ‘लेकरं झालीत ना, आता काय करायची?’ खराब म्हणजे काय, दुसरा उपाय आहे का, काढल्यावर अंगात काय बदल होतील, हे विचारायला शब्द हवेत आणि ऐकायला समोरचा तयार हवा. दोन्ही नव्हते. अंगठा मात्र होता.

या अंगठ्याबद्दल सुप्रीम कोर्टाने २००८ साली समीरा कोहली खटल्यात निकाल दिला आहे. त्यात बाई फक्त तपासणीसाठी भुलीखाली गेली होती, आणि बाहेर बसलेल्या आईची संमती घेऊन तिची गर्भपिशवी काढली गेली. कोर्टाने म्हटलं, बाई सज्ञान होती, तातडी नव्हती, आईची संमती चालत नाही. आणि संमती म्हणजे पेशंटला पुरेशी माहिती देऊन घेतलेली संमती. वाचणाऱ्या प्रत्येक घराने हे लक्षात ठेवावं. सासूची, नवऱ्याची, आईची सही म्हणजे बाईची संमती नव्हे. राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाने तयार केलेल्या रुग्णहक्कांच्या सनदेतही आजाराची माहिती पेशंटला समजेल अशा भाषेत मिळणं हा हक्क म्हणून लिहिलेला आहे, आणि जात, धर्म, भाषा यांवरून भेदभाव न होणं हाही. महाराष्ट्रात २०२१ च्या नियमांनुसार खासगी दवाखान्यांनी रुग्णहक्कांची सनद दर्शनी भागात लावायची आहे. पुढच्या वेळी गेलात तर भिंतीकडे बघा. नसेल तर विचारा, कुठे आहे.

इथपर्यंत कुणाला पटायला अडचण नाही. पुढचं बोललं की बैठकीत खुर्च्या सरकू लागतात.

बोली कळली म्हणजे माणूस कळला असं नाही. डॉक्टर-नर्स शुद्ध मराठी बोलतात, पेशंटला सगळं कळतं, आणि तरीही पेशंट परत येत नाही. कारण नाव सांगितल्यावर पुढचा प्रश्न आला, ‘आडनाव?’ मग ‘गाव?’ मग ‘गावात कुठं राहता?’ हे तीन प्रश्न कशासाठी असतात हे आपल्याला शाळेपासून माहीत आहे. धर्माच्या रकान्यात ‘बौद्ध’ सांगितलं तर लिहिणारा वर बघतो आणि मनाने दुसरंच लिहितो. बाळंतिणीच्या उशाशी बाबासाहेबांचा फोटो दिसला की बोलण्याचा सूर बदलतो. ‘तुमच्यात चालतं ना हे?’ असं विचारून ताटात काय वाढायचं ते परस्पर ठरवलं जातं. लेकराला औषध देताना चमचा वरून सोडला जातो. संघमित्रा आचार्य यांनी गुजरात आणि राजस्थानातल्या गावांत २०० दलित मुलांशी बोलून केलेला अभ्यास २०१० साली आला. औषध देताना-घेताना स्पर्श टाळणं हा भेदभाव मुलांनी वारंवार सांगितला होता. मुलांना हे बरोबर कळतं.

बाबासाहेबांनी ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या आठवणींच्या पुस्तिकेत काठियावाडातल्या एका शिक्षकाचं पत्र दिलं आहे. ते १२ डिसेंबर १९२९ च्या ‘यंग इंडिया’त छापून आलं होतं. शिक्षकाची बायको बाळंत झाली, दोन दिवसांनी आजारी पडली, छातीला सूज आली. डॉक्टर वस्तीत यायला तयार नव्हता. नगरशेठने मध्यस्थी केली, दोन रुपये फी ठरली, तेव्हा तो आला, पण वस्तीबाहेर थांबला. ओल्या बाळंतिणीला घराबाहेर आणावं लागलं. थर्मामीटर त्याने एका मुसलमान माणसाच्या हातात दिलं, त्याने नवऱ्याच्या, नवऱ्याने बायकोच्या. आणि त्याच वाटेने ते परत गेलं. डॉक्टरने दिव्याच्या उजेडात दुरूनच बघून न्यूमोनिया असल्याचं सांगितलं. पुढे तो आलाच नाही. बाई गेली. (याच पुस्तिकेत १९३४ चा दौलताबाद किल्ल्यावरच्या हौदाचा प्रसंगही आहे. किल्ला आपल्या जिल्ह्यातला, आठवण ठेवावी.)

डॉक्टर आणि शिक्षक, दोघांना एकमेकांचा शब्द न शब्द कळत होता. म्हणून आम्ही म्हणतो, नुसता शब्दकोश वाटून भागणार नाही.

‘सांस्कृतिक सक्षमता’ शिकवणाऱ्या काही पुस्तिका आम्ही चाळल्या. त्यांत एक धोका आहे. अमुक समाज असं खातो, तमुक समाजात असं चालतं, अशा याद्या असतात. अशी यादी आपल्या इथल्या कर्मचाऱ्याच्या हातात पडली तर जातीची आणखी एक वही तयार होईल. ‘बौद्ध पेशंट असे असतात’ असं शिकवणारा वर्ग आम्हाला घ्यायचा नाही. आपल्यातच सगळी घरं सारखी नाहीत. कुणी मांसाहार सोडलेला, कुणी नाही. बावीस प्रतिज्ञा पाठ असलेल्या घरातही एखादी आजी नातवाला गुपचूप अंगारा लावून आणते. हे झाकून काय उपयोग?

न्यूझीलंडमधल्या माओरी नर्सेसनी हे आपल्या आधी ओळखलं. १९८८ साली तिथल्या एका बैठकीत नर्सिंगच्या पहिल्या वर्षाची एक माओरी विद्यार्थिनी उठली आणि तिने विचारलं की तुम्ही कायद्याची सुरक्षितता, कामातली सुरक्षितता असं सगळं बोलता, मग आमच्या संस्कृतीच्या सुरक्षिततेचं काय? इरिहापेती रॅम्सडेन या माओरी नर्सने तिथून पुढे तो विचार उभा केला आणि १९९२ साली तिथल्या नर्सिंग कौन्सिलने तो नर्सिंगच्या शिक्षणात घातला. त्या विचाराचा गाभा असा की पेशंटच्या चालीरीती पाठ करण्याआधी नर्सने स्वतःकडे बघायचं: माझ्या हातात काय सत्ता आहे, माझ्या डोक्यात या माणसाबद्दल आधीपासून काय भरलं आहे? आणि सेवा सुरक्षित होती की नाही हे ठरवणार पेशंट, नर्स नाही. आम्हा डिप्लोमावाल्यांना इंजेक्शनचा कोन शिकवला, बेडशीटचा कोपरा कसा मुडपायचा ते शिकवलं. हे शिकवलं नाही. अलीकडे एमबीबीएसच्या मुलांसाठी २०१९ पासून वागणूक, नीती आणि संवाद हा भाग अभ्यासक्रमात आला आहे, सुरुवातीच्या महिन्यात स्थानिक भाषेची ओळखही ठेवली गेली. चांगलं झालं. मावशी-मामांसाठी असं काही असल्याचं आम्ही ऐकलेलं नाही.

ऐकून घेतल्यावर काय बदलतं ते गडचिरोलीत दिसतं. अभय आणि राणी बंग यांनी वसा आणि अमिर्झा या दोन गावांत ६५० बायकांची तपासणी केली, तो अभ्यास १९८९ साली ‘लॅन्सेट’मध्ये आला. ९२ टक्के बायकांना अंगावरचा कुठला ना कुठला आजार होता, आणि त्याआधी अशी तपासणी झालेल्या होत्या फक्त ८ टक्के. बायका काय बोलतात, कशाला काय म्हणतात, ते राणीताईंनी पुढे ‘कानोसा’ या पुस्तकात लिहिलं. आदिवासींसाठी दवाखाना बांधायचा तेव्हा त्यांनी लोकांनाच विचारलं, कसा हवा? लोक म्हणाले, मोठ्या इमारतीची भीती वाटते, नातेवाइकांना राहायला जागा नसते, आणि डॉक्टर-नर्स पांढऱ्या कपड्यांत असतात. पांढऱ्यात तर आम्ही मेलेल्याला गुंडाळतो. मग शोधग्रामात गावासारखा, झोपड्याझोपड्यांचा दवाखाना उभा राहिला. आमच्या पांढऱ्या साडीचा आम्हाला केवढा अभिमान! समोरच्याला तिच्यात कफन दिसत असेल हे कधी मनात आलं नव्हतं.

मेळघाटात पोट फुगलेल्या लेकराला तापलेल्या लोखंडाने डागतात, त्याला ‘डंबा’ म्हणतात. आपल्याकडे बिब्ब्याचे चटके असतात. हे लेकराला घातक आहे, यात दुमत नाही. त्या कातडीतून जंतू शिरतात आणि मूळ आजाराचा उपचार लांबतो. पण नर्सने चार बायकांसमोर आईला झोडपलं की होतं एवढंच: पुढची आई डाग झाकते, किंवा येतच नाही. आधी लेकरू घ्यायचं, दूध पितंय का, पोटाला काय झालंय, हे बघायचं. डागण्याचं नंतर, बाजूला घेऊन. संस्कृतीचा मान राखायचा म्हणजे डाग देऊ द्यायचा असं नाही, आणि विज्ञान सांगायचं म्हणजे आईला अडाणी म्हणायचं असंही नाही.

वर्ग कधी, कसा

मोबाईलवरचा वर्ग म्हटलं की पहिला प्रश्न, मोबाईल कुणाचा? घरात एक फोन, तो नवऱ्याकडे नाहीतर पोराच्या हातात. रेंज पत्र्यावर चढल्यावर. नेटपॅक महिन्याच्या पंचवीस तारखेला संपलेला. आशाताईंचे मोबाईल आधीच माहिती भरण्याने तुंबलेले. त्यामुळे ‘लिंक पाठवली आहे, जोडून घ्या’ हा प्रकार इथे चालणार नाही.

आम्ही वेळ निवडली वर्षावासाची. आषाढी पौर्णिमेपासून आश्विनी पौर्णिमेपर्यंत आपल्या विहारांत तसंही संध्याकाळी ग्रंथवाचनाला माणसं जमतात. कापसाची वेचणी सुरू व्हायच्या आधीचे दिवस, ऊसतोडीला जाणारी घरंही गावातच असतात. वाचन संपलं की आठवड्यातून एकदा, साडेआठ ते सव्वानऊ, एका फोनला विहाराचा स्पीकर जोडायचा आणि दहा-पंधरा जणांनी एकत्र ऐकायचं. ज्यांना येणं जमणार नाही त्यांना व्हॉट्सअ‍ॅपवर पाच-सात मिनिटांचा आवाज पाठवायचा. चित्रफीत नाही, तिला डेटा लागतो. प्रश्न बोलून पाठवायचा, लिहायची सक्ती नाही. मुसलमान मोहल्ल्यातल्या आणि तांड्यावरच्या बायकांना विहारात यायला संकोच वाटू शकतो, म्हणून त्यांच्यासाठी अंगणवाडीत बसायची सोय बघतो आहोत. बुद्धांच्या दोन भिक्खूंनी उपदेश छंदोबद्ध भारदस्त भाषेत घालायची परवानगी मागितली तेव्हा ती नाकारून लोकांना आपापल्या बोलीत शिकू द्या असं त्यांनी सांगितल्याची कथा विनयपिटकात आहे. वर्षावासात हा वर्ग घेणं आम्हाला त्यामुळेही योग्य वाटतं.

एकूण सहा बैठका धरल्या आहेत. कामाचा भाग ‘सांगून दाखवा’ हा. नर्स औषध समजावते आणि शेवटी ‘कळलं का?’ असं विचारत नाही. ‘कळलं का’ला सगळे ‘हो’ म्हणतात. ती म्हणते, ‘मावशी, मी नीट सांगितलं का ते बघायचंय. घरी गेल्यावर ही गोळी कशी घ्याल, सांगा बरं.’ चिठ्ठीवर ‘१-०-१’ असतं, त्याचा अर्थ सकाळी एक, दुपारी नाही, रात्री एक. हे न सांगितल्याने एक शून्य एक म्हणजे एकशे एक दिवस, असा अर्थ लावणारेही भेटतात. हसू येतं, पण चूक त्यांची नाही. एका बैठकीत मावशी-मामांशी दुभाष्याच्या कामाबद्दल बोलायचं: पेशंट बोलला तेवढंच सांगायचं, आपल्या मनाचं घालायचं नाही, ऐकलेलं वस्तीत न्यायचं नाही. ‘नाव-आडनाव-गाव’ या तीन प्रश्नांवर एक पूर्ण बैठक आहे. तिथे भांडण होईल, होऊ द्या. त्या दिवशी मात्र सगळ्यांनी एकत्र बसायचं, आवाज पाठवून नाही. सगळ्या बैठकांना एकच नियम: कुठल्याही पेशंटचं नाव, गाव, फोटो ग्रुपवर येणार नाही.

शिकवणार कोण, यावर आमच्यात बराच खल झाला. शहरातले तज्ज्ञ यायला तयार आहेत, त्यांचं स्वागत आहे. पण प्रत्येक बैठकीत पहिली दहा मिनिटं वस्तीतली किंवा तांड्यावरची एक बाई बोलेल, आणि तिला मानधन तज्ज्ञाएवढंच मिळेल. तिचा रोज बुडतो. सरकारी कर्मचाऱ्यांना येता यावं म्हणून तालुका आरोग्य अधिकाऱ्यांना पत्र देणार आहोत. परीक्षा नाही, प्रमाणपत्र भिंतीला लावण्यापुरतं. खरी तपासणी तीन महिन्यांनी, दवाखान्यातून बाहेर पडणाऱ्या पेशंटला तीन प्रश्न विचारून: काय झालंय असं सांगितलं? गोळ्या कशा घ्यायच्या? परत कधी यायचं, आणि त्याआधी काय झालं तर लगेच यायचं?

तुम्ही आता काय करायचं ते सांगतो. घरात एक वही करा. आजारासाठी तुमच्या घरात, तुमच्या आजीच्या तोंडी जे शब्द आहेत ते लिहा. शब्द ओंगळ वाटला तरी लिहा. आम्हाला तेच हवे आहेत. लिहिता येत नसेल तर पोरांकडून लिहवून घ्या, मात्र बायकांच्या दुखण्याचे शब्द बायकांनी बायकांकडूनच लिहवून घ्यावेत. दवाखान्यात सही मागितली तर आधी म्हणा, ‘यात काय लिहिलंय ते मराठीत वाचून दाखवा.’ महात्मा फुले जन आरोग्य योजनेच्या दवाखान्यात आरोग्यमित्र बसलेला असतो, त्याला कागद समजावून मागा. मनाच्या दुखण्यासाठी १४४१६ हा सरकारी फोन आहे. तो फुकट आहे आणि मराठीत बोलता येतं.

वह्या आषाढी पौर्णिमेच्या आत आपापल्या विहारात द्या. ज्या वस्तीत विहार नाही तिथल्या वह्या आशाताईंकडे. आणि स्पीकरची जोडवायर नीट चालते का ते आधी बघून ठेवा. गेल्या खेपेला एका गावात वर्ग सुरू झाला तरी वायरच सापडत नव्हती.